पिक्सेलचं बिल कोण भरणार?

पत्र:

नमस्कार दादा,

मी साताऱ्याची, वय ३६, बँकेत नोकरी. मुलगी झोपली की रात्री दहा ते साडेअकरा हा माझा खेळायचा वेळ. मागच्या दिवाळीत बोनसमधून पीसी बांधून घेतला: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. पैसे तिथेच संपले, म्हणून मॉनिटर जुनाच राहिला, साडेअठरा इंची, १३६६ × ७६८ वाला. आता त्याच्यासाठी २२ हजार बाजूला काढलेत आणि घरात चार पक्ष पडलेत. दुकानदार म्हणतो ‘२के घ्या’. भाऊ म्हणतो घ्यायचाच तर ४के, परत परत खर्च नको. सुट्टीत येणारा भाचा व्हॅलोरंट खेळतो, त्याच्या मते २४ इंची फुल एचडी सोडून बाकी सगळं वेस्ट. आणि आमच्या ह्यांचं म्हणणं, हॉलमध्ये ४३ इंची ४के टीव्ही आहे, तोच जोड की! मी रेड डेड रिडेम्प्शन २ निम्म्यात आणलाय, त्यानंतर विचर ३ खेळायचाय. दिवसा त्याच स्क्रीनवर हे सोसायटीचे हिशेब आणि मराठीतली इतिवृत्तं लिहितात. टेबल दोन फूट खोल आहे, भिंतीला टेकलेलं. काय घेऊ?

— रात्रीची खेळाडू, सातारा

उत्तर:

ताई,

उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे मध्येच मुलगी उठली तरी तुमचं अडायला नको. २७ इंची, २५६० × १४४०, आयपीएस पॅनेल, १४४ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा त्याच्या वरचा. तुमचा दुकानदार या वेळी बरोबर सांगतोय, फक्त शब्द चुकीचा वापरतोय.

आधी त्या शब्दाचं बघू, कारण फसगत तिथूनच सुरू होते. सिनेमावाल्यांच्या मोजमापात २के म्हणजे २०४८ × १०८०. म्हणजे नावाला जागायचं तर आपला साधा फुल एचडीच (१९२० × १०८०) २केच्या जास्त जवळचा. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत सगळीकडे १४४०पीला, म्हणजे २५६० × १४४० ला, २के म्हणायची रीत पडली आहे, आणि ऑनलाइन दुकानांतही तेच. त्यामुळे दुकानात ‘२के आहे का’ असं विचारू नका. ‘२५६० बाय १४४० आहे का’ असं विचारा आणि खोक्यावर तो आकडा बोट ठेवून वाचा.

आता मुद्द्याकडे येतो. मॉनिटरचे पैसे आपण दुकानात एकदाच देतो. पिक्सेलचं बिल मात्र ग्राफिक्स कार्डाला भरावं लागतं, आणि तेही दर फ्रेमला. साठ एफपीएस म्हणजे सेकंदाला साठ वेळा. तुमच्या आत्ताच्या स्क्रीनवर १०.५ लाख पिक्सेल आहेत. फुल एचडीवर ते २०.७ लाख होतात, १४४०पीवर ३६.९ लाख, आणि भावाच्या ४केवर (३८४० × २१६०) ८२.९ लाख. आज तुमचं कार्ड आरामात बसून काम करतंय. ४केवर त्याला जवळपास आठपट रंगकाम करावं लागेल. एफपीएस बरोबर आठपट पडत नाही, कारण प्रत्येक फ्रेममागे पिक्सेलशी संबंध नसलेलंही बरंच काम असतं आणि त्यातलं काही प्रोसेसर करतो. पण रेड डेडसारख्या भारी गेममध्ये ४०६० वर नेटिव्ह ४के, म्हणजे सगळे पिक्सेल स्वतः काढणं, हे घाटात लोड भरलेली रिक्षा. चढेल, पण मागची वाहनं शिव्या देतील.

इथे भाचा मध्ये बोलेल, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. ४०६० हे कार्ड कंपनीने फुल एचडीसाठी म्हणूनच बाजारात आणलं. ८ जीबी मेमरी, आणि त्या मेमरीकडे जाणारी वाट (बस) १२८ बिटची. मग मी १४४०पी का सांगतोय?

कारण डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करून देणारी कार्डाची युक्ती. याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. १४४०पीच्या मॉनिटरवर तुम्ही गेममध्ये डीएलएसएस ‘क्वालिटी’वर ठेवलंत, की कार्ड प्रत्यक्षात १७०७ × ९६० एवढंच चित्र काढतं आणि उरलेला तपशील आधीच्या फ्रेम्सच्या आधाराने भरून २५६० × १४४० करून देतं. १७०७ गुणिले ९६० किती? १६.४ लाख. म्हणजे नेटिव्ह फुल एचडीच्या २०.७ लाखांपेक्षाही कमी! ही भरणी फुकट होत नाही, तिलाही थोडा वेळ जातो. पण एकूण बिल फुल एचडीच्या जवळपासच येतं आणि चित्र मात्र त्याहून रेखीव दिसतं. तीच युक्ती फुल एचडीच्या मॉनिटरवर केलीत तर कार्डाला १२८० × ७२० वरून चित्र उभं करावं लागतं. हातात कच्चा मालच ९ लाख पिक्सेलचा, त्यामुळे घोड्याची आयाळ, तारांची कुंपणं, लांबचं गवत सगळं लिबलिबीत होतं.

तुम्ही नेमका रेड डेड खेळताय म्हणून हे जास्त लागू आहे. २०१९ मध्ये तो पीसीवर आला तेव्हापासून त्याची एक खोड आहे: कडा गुळगुळीत करणारी त्याची टीएए पद्धत कमी रिझोल्यूशनवर अख्ख्या चित्रावर दुधाची साय धरते. तुम्ही आत्ता ७६८ ओळींच्या पडद्यावर खेळताय, म्हणजे तो गेम तुम्ही अजून पाहिलेलाच नाही असं म्हटलं तरी चालेल. विचर ३ जुना, २०१५ चा. पण डिसेंबर २०२२ मधल्या मोफत अपडेटनंतर त्यातही डीएलएसएस आहे. त्यातलं रे ट्रेसिंग (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारी सोय) मात्र पहिल्या रात्री बंदच ठेवा. ते तुमच्या कार्डाला झेपण्यापेक्षा जास्त खातं आणि तुमच्या दीड तासातला अर्धा तास सेटिंगच्या पानावर जातो.

८ जीबी मेमरीचं पथ्य मात्र पाळावं लागेल. नव्या गेम्समध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा तपशील) ‘अल्ट्रा’ऐवजी ‘हाय’ ठेवायचं. रेड डेडमध्ये एमएसएए (कडा गुळगुळीत करायची दुसरी, जड पद्धत) बंद, पाण्याच्या हालचालीचा स्लायडर निम्म्याच्या खाली, बाकी बहुतेक सगळं ‘हाय’. एवढ्यावर साठच्या आसपास खेळायला हरकत नसावी, आणि तुमच्या खेळांना साठ पुरे. घोड्यावरून रमतगमत जाणाऱ्याला २४० एफपीएस कशाला?

आता टेबल. पत्राच्या शेवटी तुम्ही ते सहज लिहिलंत, पण माझं निम्मं काम त्यानेच केलं. दोन फूट खोल टेबल, भिंतीला टेकलेलं. मॉनिटरचा पाय मागे काही इंच खातो, तुमची खुर्ची टेबलाच्या कडेपासून काही इंच लांब असते. डोळा ते पडदा अंतर ६५ सेंटीमीटरच्या आसपास येतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ज्याला ६/६ म्हणतात, ती नजर एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखते. ६५ सेंटीमीटरवर तो तपशील होतो साधारण ०.१९ मिलीमीटर. आता पिक्सेल बघा. २७ इंचांवर फुल एचडीचा एक पिक्सेल ०.३१ मिलीमीटरचा, १४४०पीचा ०.२३ चा, ४केचा ०.१६ चा. फुल एचडीचे ठिपके स्वच्छ दिसतात, १४४०पीचे जवळपास विरतात, आणि ४केतला बराचसा बारकावा त्या अंतरावरून डोळ्याला पोचतच नाही. जे डोळ्याला पोचत नाही त्याचं बिल मात्र कार्ड भरत राहणार.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून २७ इंची फुल एचडी उचलून आणला. दुकानात चार फुटांवरून बघितला तेव्हा झकास वाटला होता, आणि १४४०पीपेक्षा सहा-सात हजारांनी स्वस्त म्हणून मी स्वतःवर खूश. घरी टेबलावर ठेवला आणि पहिली वर्ड फाइल उघडली. अक्षरं मच्छरदाणीतून बघितल्यासारखी. इंचाला ८२ पिक्सेल. माझ्या जुन्या २४ इंचीवर ९२ होते. म्हणजे मी पैसे देऊन मागे गेलो होतो. म्हणून सांगतो, फुल एचडी घ्यायचाच असेल तर २४ इंचांच्या पुढे जाऊ नका. आणि दुकानदार ‘ताई, त्याच पैशांत ३२ इंची २के देतो’ म्हणाला तर मोहात पडू नका. ३२ इंचांवर १४४०पी म्हणजे इंचाला परत तेच ९२. पडदा मोठा, बारकावा २४ इंची फुल एचडीइतकाच, आणि दोन फुटांवरून मान मात्र टेनिसची मॅच बघितल्यासारखी फिरवायची.

घरी एक करा. रद्दीतला पेपर ६० बाय ३४ सेंटीमीटर कापा, कमी पडला तर दोन तुकडे जोडा, आणि टेबलामागच्या भिंतीला चिकटवा. २७ इंची पडदा एवढाच असतो. दोन दिवस त्याच्यासमोर बसून जुन्या स्क्रीनवर काम करा. टेबलाच्या वर फळी किंवा कपाट असेल तर स्टँडसकटची उंची खोक्यावर बघून घ्या. हे लोक विसरतात आणि मग सुतार बोलवावा लागतो.

भाऊ एक मुद्दा काढेल, तोही आधीच निकालात काढतो. तो म्हणेल, ४के घे, गेम जड गेला तर रिझोल्यूशन खाली आण. बोलायला सोपं आहे. ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण भोकं पाडलेला कागद वापरतो ना, तसा एलसीडी पडदा असतो: ठिपक्यांच्या जागा ठरलेल्या. १४४०पीच्या कागदावर १०८०पीची रांगोळी काढायला गेलात तर तीन ठिपक्यांचं काम चार भोकांत भागवावं लागतं, आणि रेषा फिस्कटतात. ४केवर १०८०पी मात्र नेमकं बसतं, एकाच्या जागी चार. तेवढ्यापुरतं भावाचं बरोबर. पण मग तुम्ही ४केचे पैसे देऊन २७ इंचांवर फुल एचडी बघणार, म्हणजे माझीच मच्छरदाणी! आणि ४केवर डीएलएसएस लावलं तरी त्याच्या ‘परफॉर्मन्स’ मोडला आत १९२० × १०८० लागतंच, वर ८२.९ लाख पिक्सेल भरायची मजुरी वेगळी. शिवाय २२ हजारांत जो ४के मिळेल तो बहुधा ६० हर्ट्झचाच असेल. भावाला सांगा, तीन-चार वर्षांनी कार्ड बदलशील तेव्हा बघू. मॉनिटर कार्डापेक्षा जास्त टिकतो, आणि १४४०पीचा हा मॉनिटर पुढच्या कार्डालाही कमी पडणार नाही.

भाच्याचं म्हणाल तर त्याच्यासाठी तो बरोबरच आहे. त्याच्या खेळाच्या मोठ्या स्पर्धांत २४ इंचांच्या आसपासचे, जास्त हर्ट्झचे फुल एचडी मॉनिटरच असतात. काउंटर-स्ट्राइकची पोरं तर मुद्दाम १२८० × ९६० लावून चित्र आडवं ताणून खेळतात. त्यांना समोरच्याचं डोकं दिसलं म्हणजे झालं, सूर्यास्त नको असतो. पण व्हॅलोरंट हा हलका गेम आहे. तुमचं कार्ड तो १४४०पीवरही १६५च्या वर सहज पळवेल. दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी येणाऱ्याच्या हट्टापायी वर्षभराचा पडदा ठरवायचा नाही.

यजमानांचा फायदा मात्र तुमच्याइतकाच आहे. आत्ताच्या तुलनेत एक्सेलमध्ये आडवे रकाने जवळपास दुप्पट दिसतील आणि उभ्या ओळीही जवळपास दुप्पट. बारा महिन्यांचा मेंटेनन्स एका पडद्यावर. २७ इंची ४के घेतला असता तरी अक्षरं बारीक दिसतात म्हणून विंडोजमध्ये १५० टक्के स्केलिंग करावं लागलं असतं, आणि ३८४० भागिले १.५ म्हणजे २५६०. जागा परत १४४०पीइतकीच. अक्षरांची धार जास्त आली असती, हे मान्य. आपल्या लिपीला धार लागतेच. इंग्रजी अक्षर कमी पिक्सेलमध्ये निभावून जातं, पण ‘द्ध’ आणि ‘द्घ’, किंवा वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर आले की जुन्या पडद्यावर नुसता डाग दिसतो. इतिवृत्तातला ‘र्थिं’ त्यांना आता चष्मा पुसून बघावा लागणार नाही.

पॅनेलबद्दल थोडंच सांगतो. तुम्ही रात्री, बहुतेक दिवा मालवून खेळत असणार. अंधारात व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा काळा रंग आयपीएसपेक्षा खरोखर गडद असतो. पण स्वस्तातल्या व्हीएवर अंधारातली हालचाल शाई फासल्यासारखी मागे ओढली जाते, आणि विचरमध्ये गुहांत पुष्कळदा जावं लागतं. आयपीएसवर कोपऱ्यांत थोडा पांढुरका उजेड दिसतो, त्याची चार दिवसांत सवय होते. खोक्यावरचा ‘एचडीआर ४००’ हा स्टिकर या किमतीत फक्त स्टिकर समजा.

घरी आणल्यावर दोन गोष्टी त्याच रात्री करा. केबल मदरबोर्डाच्या नाही, ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात लावा, आणि शक्यतो डिस्प्लेपोर्टची लावा. एचडीएमआयवर बऱ्याच मॉनिटरना १४४ हर्ट्झच्या पुढे जाता येत नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून रिफ्रेश रेट स्वतः निवडा, कारण विंडोज अनेकदा ६० वरच ठेवतं. मी माझा १४४ हर्ट्झचा मॉनिटर पाच महिने ६० वर चालवला आणि भेटेल त्याला सांगत होतो, बघा किती स्मूथ आहे. खोकं फोडतानाचा व्हिडिओ काढा आणि मृत पिक्सेल किती असतील तर बदलून मिळतो ते बिल करण्याआधी विचारा, बिलानंतर दुकानदाराची स्मरणशक्ती कमी होते.

राहिला टीव्ही. यजमानांना नाही म्हणू नका. ४३ इंची पडदा दोन फुटांच्या टेबलावर बसणारच नाही, आणि सोफ्यावरून माउस चालवणं म्हणजे पाटावर बसून क्रिकेट. पण काहीही विकत घेण्याआधी पूर्ण चाचणी करायला तो उत्तम आहे. पीसी उचलून हॉलमध्ये न्या, एचडीएमआयने जोडा, टीव्हीवर ‘गेम मोड’ चालू करा, स्टीम या गेमच्या ॲपमधला एफपीएस दाखवणारा आकडा कोपऱ्यात लावा. रेड डेडमध्ये एखाद्या गावात उभं राहून आधी ३८४० × २१६०, मग २५६० × १४४०, मग १९२० × १०८० लावा आणि तिन्ही आकडे कागदावर लिहा. नंतर १४४०पीवर डीएलएसएस क्वालिटी लावून चौथा लिहा. १४४०पी त्या टीव्हीवर थोडं फिस्कटलेलं दिसेल, ते रांगोळीचं कारण तुम्हाला आता माहीत आहे. बघायचंय ते फक्त एफपीएस. चौथा आकडा ५० च्या खाली आला तर मला परत लिहा, मी माझा सल्ला बदलेन. आणि ही चाचणी रविवारी दुपारी जेवणानंतर करा. संध्याकाळी सातनंतर हॉलमधला टीव्ही मागून बघितलाय मी.